चार बोटं कापड

त्या खाटेला तीनच पाय होते. चौथा कधी गेला आणि कुठे गेला हे कुणालाच माहीत नव्हतं. इस्पितळाने ती मोडीत काढली होती, पण मोडीतली वस्तू हलवायला ज्याची सही लागते तो माणूस काही तिकडे फिरकला नाही, म्हणून मुलांच्या वॉर्डमागच्या पत्र्याच्या शेडमध्ये ती भिंतीला टेकून उभी होती. आम्ही धाकट्या दिगूला घेऊन मुलुंडच्या त्या इस्पितळात गेलो तेव्हा तिच्यावर कुणाची तरी साडी वाळत घातलेली होती. दिगूला घेऊन आम्ही तिथून निघालो तेव्हा ती खाट आहे हे नव्या माणसाला सांगावं लागत होतं.

माझी लेक असल्याच कामाचं शिकलेली आहे. मोठ्या हॉस्पिटलांच्या भिंतींवर काय असावं हे ठरवायला तिला बोलावतात. तिला एकदा मी ही हकीकत सांगितली, तर म्हणाली, "आई, ते इन्स्टॉलेशन होतं." म्हणजे म्हणे मांडून केलेली कलाकृती. असेल बाई. आम्ही त्याला खाटच म्हणायचो, आणि ती माझ्या बाबांच्या रिकाम्या हातांमुळे सुरू झाली, कलेसाठी वगैरे नाही. तिने हे सगळं लिहून काढ म्हणून माझ्या मागे लकडा लावला आहे, आणि आता गुडघ्यांमुळे मला घरात बसण्यावाचून फारसं काम नाही, म्हणून लिहिते आहे.

आमचं घर घाटकोपरला, डोंगराच्या उतारावरच्या चाळीत. एक खोली आणि स्वयंपाकाची पडवी. बाबा गिरणीत विणकर होते. गिरणीत मागाला साचा म्हणत, आणि बाबा एका वेळी चार साचे सांभाळायचे. मग संप झाला. सुरुवातीला ते रोज गेटवर जाऊन यायचे, मग एक दिवसाआड, मग जायचेच बंद झाले. आई पहिल्यापासून चार-पाच डबे करत होती, त्याचे पंधरा-वीस झाले. पहाटेपासून पोळपाटाचा टकटक आवाज आणि त्याच्या जोडीला बाबांचं गप्प बसणं. बनियनच्या काठातून धागा ओढून काढायचा, बोटाला गुंडाळायचा, सोडायचा, परत गुंडाळायचा. आई म्हणायची, "ओ, ता बनियान ऱ्हवांदे आंगार." तेवढ्यापुरते थांबायचे.

त्यातच दिगू सुजला. दिगंबर, माझा धाकटा भाऊ, सहा वर्षांचा. सकाळी उठला की डोळे उघडायचे नाहीत, चड्डीच्या नाडीचा वळ संध्याकाळपर्यंत पोटावर राहायचा. कुणी म्हणालं जंत, कुणी म्हणालं दृष्ट. शेवटी इस्पितळात सांगितलं, मूत्रपिंडाचं दुखणं आहे, बरं होतं पण वेळ लागतो, आणि मीठ पूर्ण बंद. आईने त्या दिवशी मिठाची बरणी फळीवर अगदी मागे ढकलली आणि जाहीर केलं की पोरगा अळणी जेवतोय तोवर या घरात कुणी खारट खाणार नाही. डब्यांच्या भाजीत मीठ पडायचं, आमच्या ताटात नाही. मालवणी माणसाच्या घरात सुकट बंद, खारा बांगडा बंद, लोणचं बंद. मी वैतागले होते. बाबा तर एकदा शेजारच्या परबकाकूंकडे बांगडा खाताना सापडले. आईने काही विचारलं नाही. फक्त दुसऱ्या दिवशी त्यांच्या ताटात मिठाची चिमूट वाढली आणि पाठ फिरवून पोळ्या लाटत बसली. बाबांनी ती चिमूट तशीच ठेवली. त्या दोघांची भांडणं ही अशी असायची.

आई डब्यांतून सुटू शकत नव्हती, तेव्हा दिगूपाशी राहायचं बाबांनी ठरवलं. वॉर्डात पालकांना दुपारी आणि संध्याकाळी सोडायचे. बाकीचा वेळ शेडमध्ये काढायचा. लांबलचक शेड, वर पत्रे, एका बाजूला तीन नळ, दुसऱ्या बाजूला रांगेने स्टोव्ह. घासलेटचा आणि फिनेलचा वास एकमेकांत मिसळून जो वास होतो तो अजून कुठेही आला तरी मी लगेच ओळखते. वॉर्डातली औषधांची गाडी निघाली की तिचं चाक कुईकुई करायचं आणि शेडमधल्या सगळ्या बायका एकदम गप्प व्हायच्या. गाडी पुढे गेली की पुन्हा बोलणं सुरू. कुणी कल्याणची, कुणी भांडुपची, कुणी पार घाटावरून आलेली. त्या बायकांत बाबा एकटे पुरुष. पहिले आठ दिवस ते बाहेर बदामाच्या झाडाखाली बसून होते. मी शाळा सुटली की बसने डबा घेऊन जायची, तर हे तिथेच, त्याच दगडावर, तोच बनियनचा धागा.

मग एके दिवशी गेले तर दगड रिकामा. बाबा शेडमध्ये, त्या खाटेपुढे उकिडवे बसलेले. खाटेच्या वरच्या दांडीपासून खालच्या दांडीपर्यंत त्यांनी सुतळ्या ताणून बांधल्या होत्या, सारख्या अंतरावर, इतक्या सारख्या की पट्टी लावून बघावं. आईच्या तांदळाच्या गोणीची सुतळी होती ती. आणि खालून, जुन्या लुंगीच्या पट्ट्या फाडून, एका सुतळीच्या वरून आणि एकीच्या खालून घालत त्यांनी चार बोटं रुंदीचं कापड विणलं होतं. बायका लांबून बघत होत्या. शांतामावशी नावाची वॉर्डची आया होती, तोंडाने फटकळ. ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "काय ओ, इथं गिरणी काढताय काय?" बाबा हसले. संपानंतर मी त्यांना पहिल्यांदा हसताना बघितलं.

दुसऱ्या दिवशी भांडुपच्या एका बाईने आपल्या फाटक्या परकराची पट्टी आणून दिली, "माझंपण घाला ना त्यात." बाबा म्हणाले, "मी नाही घालणार. तुम्ही घाला, मी दाखवतो." हा नियमच झाला. ज्याचं पोर वॉर्डात, त्याने आपल्या हाताने चार बोटं विणायचं. काय घालायचं ते ज्याने त्याने ठरवायचं. दुपट्याचे तुकडे आले, शाळेच्या टायचे आले, धुतलेली बँडेजं आली, एका आजोबांनी नातवाच्या सलाइनची नळी कापून आणली आणि तीही बाबांनी विणायला दिली. हात विणण्यात असले की ती गाडी कुईकुई करत गेली तरी बोलणं थांबेनासं झालं, हे माझ्या एक दिवस लक्षात आलं. बाबांनाही आलं असावं. पण ते बोलायचे फक्त कापडाचं. इथे ओढलंत, तिथे सैल सोडलंत. त्यांच्या स्वतःच्या चार बोटांत मात्र बोट ठेवायला जागा नव्हती. नवी आलेली बाई हमखास तिथेच हात फिरवून विचारायची, "हे कोणी केलं?" तेव्हा बाबा दुसरीकडे बघायचे, आणि मी सांगायची.

करुणा चेंबूरहून आली होती. आठ वर्षांची, पण दिसायला सहाची. काडी नुसती. हृदयाची झडप खराब झाली होती, चार पावलं चालली की ओठ निळसर व्हायचे. तिचे आईवडील मूळचे परभणीकडचे, वडील एका कारखान्यात पाळीवर जायचे, म्हणून आई, कमलताई, तिच्यापाशी. बरं वाटत असलं की दुपारी शांतामावशी करुणाला चाकाच्या खुर्चीतून शेडमध्ये आणायची. तिने आल्या आल्या सांगून टाकलं की आई नाही, तिची चार बोटं तीच विणणार. बाबा तिच्याजवळ तास तास बसायचे. "करुणाबाई, एक वर, एक खाली." ती मान डोलवायची आणि दोन वर, एक खाली घालायची. धाप लागली की थांबायची, मग त्याच जागी पुन्हा काहीतरी वेगळंच करायची. डावा काठ तिने इतका ओढला की तो आत गेला. निळी रिबीन मध्येच संपली, तर तिने तिला पिवळ्या फ्रॉकची पट्टी गाठ मारून जोडली, आणि गाठ वरच्या बाजूला, दिसेल अशी. एका जागी तर इतकं सैल की बोट आरपार जायचं. तिला ते भारी आवडलं होतं. आली की आधी त्यात बोट घालून बघायची.

मला ती आवडत नव्हती. आता हे लिहायला लाज वाटते, पण तेव्हा मी तेरा वर्षांची होते, अळणी जेवत होते, रोज दोन बस बदलून डबा आणत होते, आणि मी चित्रकलेत वर्गात पहिली आले हे बाबांना सांगितलं तेव्हा ते "हां" म्हणाले होते. त्या मुलीच्या वेड्यावाकड्या गाठीकडे मात्र ते तासभर बघत बसायचे. मी बाजूला बसून तिची एकेक चूक मोजायची. मनात पाठ करून ठेवायची. कधीतरी बाबांना सांगीन म्हणून.

तशी संधीही आली. वॉर्डच्या मोठ्या डॉक्टरांनी एकदा शेडमध्ये डोकावून खाट बघितली आणि खूश होऊन म्हणाले की हे पुढच्या हॉलमध्ये लावू, येणारे-जाणारे बघतील. बाबांना ते लागलं. चांगल्या अर्थाने लागलं. एवढ्या वर्षांत त्यांचं कापड कुणी हॉलमध्ये लावलं नव्हतं. दुपारी ते खाटेपुढे उभे राहून वरपासून खालपर्यंत बघत होते, अगदी गिरणीतला तपासनीस बघतो तसे. मी म्हटलं, "बाबा, बाकी सगळं झकास आहे. करुणाचं तेवढं कसंतरीच दिसतं. लोक म्हणतील, शिकवणाऱ्याला येत नव्हतं." मी नळावर डबा धुऊन आले तोवर त्यांनी करुणाची चार बोटं उसवली होती. तिचं सगळ्यात वरचं होतं, उसवायला वेळ लागला नाही. त्याच पट्ट्या, तीच रिबीन, तोच फ्रॉक घेऊन त्यांनी ते नव्याने विणलं. सरळ, घट्ट, काठाला काठ. गाठ मागे दडवली. बाबा खूश झाले. मला तर आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या.

त्या संध्याकाळी भेटीची वेळ सुरू व्हायला आली तेव्हा कमलताई लगबगीने आल्या. खाटेकडे त्यांचं लक्षच नव्हतं. म्हणाल्या, "भाऊ, उद्या सकाळी नेतेत तिला. शहरातल्या मोठ्या दवाखान्यात. आपरेशनची तारीख भेटली." मग पदर तोंडाला लावून थोडं थांबल्या. "लई भ्यायलीय हो. सकाळपासून एकच लावलंय, जायच्या आधी माझं विणलेलं बघायचं, त्यात बोट घालायचं, मग जाते म्हणती. मी म्हणलं, बरं बाई. गाडीत बसवायच्या आधी आणते हितं."

बाबा "हो, आणा की" म्हणाले. खरं तेव्हाच सांगून टाकायला हवं होतं, पण त्यांच्याने झालं नाही. कमलताई वॉर्डात गेल्या आणि बाबा माझ्याकडे वळले. त्यांचा चेहरा मी कधी तसा बघितला नव्हता. मला वाटलं आता रागावतील. ते म्हणाले, "तुका ठावक आसा, तिना कसा घातलेला?"

मला ठाऊक होतं. मला सगळं पाठ होतं. भेटीच्या वेळेत शेड रिकामी झाली. बाबा दिगूला पाच मिनिटं बघून परत आले आणि आम्ही दोघं बसलो. बाबांनी आपलं सरळ काम भराभर उसवलं आणि मी सांगायला लागले. पहिली ओळ बरोबर, दुसऱ्या ओळीत तिसरी आणि चौथी सुतळी एकदम सोडलेली, इथून डावा काठ आत ओढलेला. बाबा घालायचे आणि हात आपोआप सरळ व्हायचा. "बाबा, परत बरोबर केलंत." पुन्हा उसवायचं. काठ आत ओढायचा म्हटला की त्यांचा अंगठाच मधे यायचा. पंचवीस वर्षं ज्या हाताने चूक होऊ दिली नव्हती, तो ऐकेना. बाबांच्या कपाळावर घाम. "माका जमणा नाय गो," म्हणाले, आणि मला रडूच फुटलं. म्हटलं, बाबा, मी तुम्हाला मुद्दाम सांगितलं होतं, मला तिचा राग यायचा. त्यांनी ऐकलं. थोडा वेळ सुतळीवर बोट वाजवत बसले. "तू सांगितलंस, पण उसवलंय मी," म्हणाले. मग एकदम उजवा हात मांडीखाली दाबून बसले आणि डाव्या हाताने विणायला लागले. डावा हात त्यांचा कच्चा होता. त्याला बरोबर चुकता येत होतं. शांतामावशी केर काढायला आली, आम्हाला बघितलं, काय चाललंय ते तिच्या लक्षात आलं, आणि आयुष्यात पहिल्यांदाच बहुतेक, काही न बोलता निघून गेली.

दुसऱ्या दिवशी मी शाळा बुडवली. सकाळी आठाच्या सुमाराला कमलताई करुणाला घेऊन आल्या. केस विंचरून दोन वेण्या घातलेल्या, अंगात स्वेटर. बाहेर गाडीवाला घाई करत होता. खुर्ची खाटेपाशी आली. करुणाने बघितलं. गाठीवर बोट फिरवलं, आत गेलेल्या काठावर फिरवलं, मग त्या सैल जागेपाशी आणलं आणि दाबलं. बोट जाईना. सैल सोडलेलं आम्हाला वाटलं होतं, पण ते बाबांच्या हातचं सैल होतं.

"हे मी नाही केलं," ती म्हणाली.

कमलताई म्हणाल्या, "असं काय करती, तुझंच हाय ते." पण बाबा तिच्यासमोर उकिडवे बसले. म्हणाले, "करुणा, तुझं मी उसवलं. सरळ करायला गेलो. मग तुझ्यासारखं परत करून बघितलं. चुकलं माझं." मी भिंतीला चिकटून उभी होते. मीपण त्यात आहे हे मी सांगितलं नाही.

करुणा खाटेकडे बघत राहिली. मग बाबांकडे बघून म्हणाली, "तुम्हाला नीट जमलं नाही."

"नाही जमलं," बाबा म्हणाले.

"मी आले की करीन. तोवर असू दे." बाहेर हॉर्न वाजला. ती एवढ्या शांतपणे "आले की" म्हणाली की कमलताईंनी मान फिरवली. बाबांनी खिशातून एक लाल दोरा काढला. गिरणीतल्या माणसाच्या खिशात दोरा नाही असं होत नाही. कापडात दोष सापडला की तिथे काठाला लाल दोरा बांधतात, हे त्यांनी करुणाला समजावून सांगितलं. म्हणजे पुढच्या माणसाला कळतं की इथलं काम राहिलंय आणि कुणीतरी ते करायला येणार आहे. त्यांनी तो दोरा तिच्या चार बोटांच्या काठाला बांधला. "हा तू येऊन काढायचा. दुसरं कुणी हात लावणार नाही." तिने दोरा ओढून बघितला, पक्का आहे म्हणाली, आणि गेली.

खाट पुढच्या हॉलमध्ये गेली नाही. बाबांनीच डॉक्टरांना विनंती केली की ती शेडमध्येच राहू द्या, तिथे लोकांना हात लावता येतो. पुढे दिगूची सूज उतरली. आईने बरणी फळीवरून काढली त्या दिवशी तिने केलेली सुकट इतकी खारट होती की कुणाला गिळवेना, आणि आम्ही सगळ्यांनी ती संपवली. बाबांना चेंबूरला एका गोदामात रखवालदारी मिळाली. चेंबूरला रोज जाऊनही करुणाचं घर त्यांना माहीत नव्हतं, आणि विचारायची हिंमत त्यांच्यात होती असं मला वाटत नाही. मलाही नव्हती. घरात तिचं नाव कुणी काढत नसे. महिन्यातून एकदा दिगूला तपासायला न्यायचं असे, तेव्हा बाबा मला न सांगता आधी शेडकडे वळायचे, आणि मी मागोमाग. दर वेळी नव्या बायका, खाटेवर दर वेळी चार-चार बोटं वाढलेली, आणि त्यांच्या खाली काठाला तो लाल दोरा तसाच. बाबा बघायचे आणि रांगेत येऊन उभे राहायचे.

असे किती महिने गेले ते मी मोजले नाहीत. एका खेपेला गेलो आणि दोरा नव्हता. बाबा दारातच थांबले. सुटून पडला असेल, केरात गेला असेल, कुणी काढला असेल, सगळं माझ्याही मनात येऊन गेलं. शांतामावशी नळावर बादली भरत होती, तिने आम्हाला बघून नळ बंद केला. "ती चेंबूरची पोरगी येऊन गेली मागच्या आठवड्यात. आईबरोबर. अंग भरलंय चांगलं, ओळखली नाय मी. दुपारभर बसली, वरचं न हलवता एकेक पट्टी ओढून काढली न् परत घातली. मी बोलले, अगं दमशील, तर मलाच गप्प केलं. तो दोरा सोडला न् वेणीला बांधून गेली."

बाबा खाटेपाशी गेले. मीही गेले. डावा काठ पार आत गेलेला होता, डाव्या हातालासुद्धा जमला नसता इतका. गाठ वर होती. बाबांनी चष्मा पुसला, परत घातला, आणि मग आपलं जाडजूड बोट त्या सैल जागेत घातलं. पहिल्या पेरापर्यंत आत गेलं आणि अडकलं. ते तसंच ठेवून ते बराच वेळ उभे राहिले. दिगू मधे मधे त्यांचा शर्ट ओढत होता.

मग माझ्याकडे न बघताच म्हणाले, "आता बरोबर आसा."